नलूचे अंबाडे

ऋषिपंचमीच्या पहाटे कौसल्येचा डोळा उघडला तेव्हा तिच्या मनात देव आला नाही की सप्तर्षी आले नाहीत. आज गिरणीत जायचं नाही, आठ तास उभं राहायचं नाही, एवढंच आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, आज चाळीच्या भाजीचा टोप आपल्यालाच शिजवायचा आहे, हेही आलं. ती तशीच पडून राहिली. पाय आदल्या दिवशीच्या थकव्याने ठणकत होते. उठावं तर कुणासाठी, हा प्रश्न तिला हल्ली रोज पहाटे पडे आणि उत्तर न शोधताच ती उठे.

काळाचौकीच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बावीस खोल्या. कौसल्या गिरणीत वायंडिंग खात्यात होती. दिवसभर उभं राहून तुटलेलं सूत सांधायचं, हे तिचं काम. नवरा सीताराम पूर्वी गिरणीतच साच्यावर, म्हणजे मागावर होता. जानेवारीत मुंबईसाठीच्या चळवळीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा तो पाळी सुटून घरी येत होता. त्याने दगड मारला नव्हता, घोषणा दिली नव्हती. हातात रिकामा डबा होता. गोळी गुडघ्यातून आरपार गेली. तेव्हापासून तो दारातल्या बाकड्यावर बसून असे आणि चाळ त्याला मान देई. सभा असली की पोरं त्याला खुर्चीसकट उचलून नेत, हार घालत. तो हार घरी आणायचा, खुंटीला लावायचा आणि सुकला की खाली नेऊन टाकायचा, हे काम कौसल्येकडे होतं. मानाने पोट भरत नाही असं ती कधी बोलली नाही, पण कंदील पुसताना, भाकरी थापताना तिच्या हातांचा जो आवाज होई त्यात ते सगळं असे.

ऋषीची भाजी ही चाळीची जुनी रीत. या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, दूधतूप नाही, फोडणीला तेलसुद्धा नाही. परसात, कुंपणाला, डबक्याच्या कडेला जे आपसूक येतं ते खायचं. आता काळाचौकीत परस कुठून आणायचं? कुणी तेलाच्या डब्यात अळू लावी, कुणी पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढवी, आणि उरलेल्या जणी बाजारातून आणत. बाजारातली भाजीवाली "बैल माझ्या पोरांनी बघितला पण नाय," म्हणून शपथ घेई आणि बायका ती शपथ निमूट पदरात घेत. प्रत्येक खोलीने एक जिन्नस आणायचा, सगळं एका टोपात शिजवायचं आणि गॅलरीत पंगत मांडून बायकांनी एकत्र खायचं. कमळाबाईचं सुरण, मीराबाईचा लाल माठ, राधेची शिराळी, कुणाची भेंडी, कुणाचं पडवळ, कुणाची मक्याची कणसं. कौसल्येचं अळू. आणि टोकाच्या खोलीतल्या नलूचे कैरीसारखे आंबट अंबाडे.

नलू लग्न होऊन या चाळीत आली तेव्हा गावाहून एक अंबाड्याची कोय घेऊन आली होती. ती तिने चाळीच्या मागे, मोरीचं पाणी जातं तिथे पुरली. सगळ्या हसल्या. कौसल्याही हसली, पण उन्हाळाभर एक तांब्या पाणी तीच घाली. तेरा वर्षांत ते झाड दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला आलं. गेली पाच-सहा वर्षं पंचमीला पहाटे नलू अंबाड्यांची टोपली कौसल्येच्या उंबऱ्यावर ठेवून जाई. दार वाजवीत नसे, कारण वहिनीला तेवढीच झोप मिळू दे, असं तिचं म्हणणं.

या वर्षी मात्र नलूच्या घरचं काही घ्यायचं नव्हतं. तसा ठराव झाला होता.

नलूचा नवरा गंगाधर सीतारामच्याच गावचा, लहानपणापासूनचा सोबती. छापखान्यात खिळे जुळवायचा. बेचाळीस साली पांढऱ्या टोपीपायी सहा महिने तुरुंगात राहून आलेला माणूस. यंदा पावसाळ्यात दिल्लीने मुंबईला द्विभाषिक राज्यात घातलं तेव्हा चाळीतल्या ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर दिल्लीवाल्यांचीच ती पांढरी टोपी होती त्यांनी ती उतरवली. गंगाधर म्हणाला, "मुंबई मला पण पायजे. पण टोपी मी कुणाच्या सांगण्यावरून घातली नव्हती, आणि कुणाच्या सांगण्यावरून उतरवणार नाय." अडेलतट्टू माणूस. चाळीने त्याच्या घराशी बोलणं टाकलं. नळावर नलूची घागर मागे सारली जाऊ लागली, हळदीकुंकवाला तिचं दार वगळलं जाऊ लागलं, कोपऱ्यावरची भाजीवाली तिला बघून टोपलीवर फडकं टाकू लागली. आणि या सगळ्याला कारण काय सांगायचं, तर सीतारामचा गुडघा.

बायकांच्या बैठकीत कमळाबाई बोलली होती. कमळाबाई चाळीतली वडीलधारी, तोंडाने फटकळ, पण उगाच कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. तिचा भाचा या चळवळीत महिनाभर तुरुंगात होता. ती म्हणाली, "कौसल्येचा घरधनी जन्माचा अधू झाला, आन त्या टोपीवाल्याच्या घरचं आपण खायचं? कौसल्या, तूच सांग गो." सगळ्यांनी कौसल्येकडे बघितलं. ती त्या दिवशी दोन पाळ्या करून आली होती. हे आटपलं म्हणजे जाऊन भात टाकता येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने मान हलवली. ती मान होकाराची होती की झोपेची, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

ठाऊक सगळ्यांना सगळं होतं. सीताराम वीस दिवस इस्पितळात होता. बाहेर संचारबंदी, रस्त्यात पोलीस. त्या वीस दिवसांत कौसल्येच्या चुलीवर काही चढलं नाही. ती खाटेपाशी बसून असे. नलू दोन डबे करी आणि गंगाधर ते घेऊन परळच्या इस्पितळापर्यंत चालत जाई. ती टोपी बघून शिपाई त्याला वाट देत. ज्या टोपीवर आता चाळ थुंकत होती त्याच टोपीने सीतारामला पेज पोचवली होती. पण ठराव झाला तेव्हा हे कुणी काढलं नाही. कौसल्येनेही नाही.

तर त्या पहाटे ती उठली, दार उघडलं, आणि उंबऱ्यावर टोपली होती.

हिरवेगार अंबाडे, दव पडलेले, वर अळवाचं एक पान झाकलेलं. दर वर्षीसारखे. कौसल्या बघतच राहिली. बाकड्यावर सीताराम जागा होता. त्याने टोपली बघितली, बायकोकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याच वेळी पलीकडचं दार उघडून कमळाबाई चूळ भरायला बाहेर आली. तिनेही टोपली बघितली. ती तोंडात पाणी धरून नुसती उभी राहिली.

कौसल्येने टोपली उचलली. गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेली. नलूचं दार लोटलेलं होतं, आणि दाराखालच्या फटीतून दोन पाय दिसत होते. जोडवी घातलेले, पहाटे धुतलेले, ओले पाय. नलू दाराला लागून उभी होती. कौसल्येने ते पाय बघितले, टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि मागे फिरली. येताना तिला वाटलं, आपण काही केलं नाही, फक्त एक टोपली इकडून तिकडे ठेवली.

नऊच्या सुमाराला बायका जमल्या. भजनी मंडळाचा मोठा पितळी टोप, नवी कल्हई केलेला, शेगडीवर चढला. कुणी भोपळा चिरत होती, कुणी पडवळातल्या बिया काढत होती, कुणी माठ निवडत होती. कौसल्येने अळवाच्या देठांची सालं ओढली, पानांच्या शिरा काढल्या. ही भाजी तशी सोपी. फोडणी नाही, मसाला नाही, परतायचं नाही. कठीण ते तळाला, कोवळं ते वर. मीठ, दोन मिरच्या, झाकणावर पाणी, आणि मंद आच. शेवटी ओलं खोबरं. भाज्यांनाच आपलं पाणी सुटतं आणि त्यातच त्या शिजतात. दर वर्षी या कामात कौसल्येला बरं वाटे. एरवी बारा महिने ती हातघाईने रांधत असे. या एका दिवशी वेळ हाताशी असे, आणि नलू शेजारी बसून अंबाडे ठेचता ठेचता गावच्या गोष्टी सांगून हसवत असे.

आज शेजारी कमळाबाई बसली होती आणि परवाच्या मोर्चाचं सांगत होती. कौसल्या हूं हूं करत होती. तिने सुरणाच्या फोडी तळाला घातल्या. दर वर्षीप्रमाणे हात उजवीकडे गेला. तिथे ठेचलेल्या अंबाड्यांची वाटी असायची. आज तिथे काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला, मग त्याने मक्याचे तुकडे उचलले. त्यावर भोपळा, मग अळवाचे देठ, शिराळी, पडवळ, भेंडी, अळूची पानं, माठ. झाकण ठेवलं, झाकणावर पाणी ओतलं आणि ती भिंतीला टेकून बसली. डोळे मिटले की ते ओले पाय दिसत होते, म्हणून तिने डोळे उघडेच ठेवले.

बाराला पानं मांडली. वऱ्याचा भात आणि वर वाफाळलेली भाजी. रंग झकास उतरला होता. बायकांनी ऋषींचं नाव घेतलं आणि घास घेतला. सीतारामलाही बाकड्यावर वाटीत दिली.

पहिली खोकली राधा. मग मीराबाईने घशाला हात लावला. मग एकेक जण जीभ टाळूला घासू लागली, कुणी घसा खाकरू लागली, कुणी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तर खाज आणखीनच वाढली. महिनाभर मोर्चात घोषणा देऊन ज्यांनी रस्ते दणाणून सोडले ते सगळे गळे एका घासात बसले. हसण्यासारखंच होतं ते, पण कुणी हसलं नाही. उपासाचं पोट, आणि आज दुसरं काही चालत नाही.

"आंबट काय घातलंस गो?" कमळाबाईने डोळे पुसत विचारलं.

कौसल्येचाही घसा पेटला होता. सुरण आणि अळू, दोन्ही खाजरी. आंबटाशिवाय ती कुणी शिजवत नाही. हे लहान पोरीलाही कळतं. तिला मात्र सुचलं नव्हतं, कारण आंबट घालायचं म्हणजे नलूचे अंबाडे घालायचे, याच्यापलीकडे तिने या टोपाशी कधी विचारच केला नव्हता.

"काय नाय घातलं," ती म्हणाली.

"विसरलीस?"

"विसरले."

"जाऊ दे, दमलीस तू." कमळाबाई खरोखरच मायेने बोलली. ती घरात गेली आणि मूठभर आमसुलं घेऊन आली. "ही चार आमसुलं टाक, चांगली एक उकळी येऊ दे. झालं. त्यात काय एवढं?"

खरंच त्यात एवढं काही नव्हतं. कोकणातल्या बायकांची चाळ. आमसुलं कुणाच्या घरात नव्हती? कौसल्येच्या स्वतःच्या फळीवर बरणीभर होती. चार आमसुलं टाकली की खाज जाणार, भाजी होणार, पंगत उठणार, आणि पुढच्या वर्षी हात उजवीकडे जाऊन थांबणारसुद्धा नाही. तेरा वर्षांची नलू चार आमसुलांत भरून निघणार. एवढं सोपं होतं ते, आणि त्या सोपेपणानेच कौसल्येचं काळीज एकदम भरून आलं. तिला लाज वाटली. अशी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"गप्प बसून दमले मी, कमळाबाई. तुमची आमसुलं ठेवा."

आणि ती उठून गॅलरीच्या टोकाला चालू लागली. पाठीमागे कुणी तरी "कौसल्या, ठराव हाय," असं म्हणाली. तिने मागे बघितलं नाही.

या वेळी तिने दार वाजवलं.

गंगाधर कामावर गेला होता. नलू एकटीच पाटावर बसली होती. पुढ्यात लहानसं पातेलं आणि ताटलीत वऱ्याचा चमचाभर भात. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

"काय केलंस?" कौसल्येने विचारलं.

"भाजी."

"कसली?"

"अंबाड्यांची. दुसरं काय हाय घरात? भाजीवाली देत नाय. ऋषीला दाखवायला काय तरी नको?"

कौसल्या खाली बसली. पातेल्यात नुसते अंबाडे होते, मिठात आणि पाण्यात शिजवलेले, वर एक मिरची. तिने बोट बुडवून चाटलं. कानामागे कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. असलं आंबट माणसाने खायचं नसतं. नलूची ताटली अर्धी संपलेली होती.

"हे खाल्लंस तू?"

"व्रत हाय ना," नलू म्हणाली. तिचे दात आंबले होते, शब्द जपून बाहेर येत होते.

"आमच्या टोपाला आंबट नाय. सगळ्यांचे घसे खाजतायत."

नलूने ताटली बाजूला सारली. तिला आनंद झाला असता तरी कौसल्येने तो तिला लखलाभ म्हटला असता. पण तिचा चेहरा नुसता दमलेला होता, कौसल्येचा होता तसाच.

"चल बाहेर. हे घेऊन चल."

"नाय येणार मी." नलूने पातेलं आपल्याकडे ओढलं. "वहिनी, महिनाभर माना फिरलेल्या बघते मी. नळावर बघते, जिन्यावर बघते. आज सणाच्या दिवशी नको."

"मग टोप हितं आणते," कौसल्या म्हणाली.

बोलून गेली खरं, पण टोप दोघींनी उचलायचा होता. ती परत आली. पंगत तशीच बसली होती, पानं तशीच वाढलेली होती. कमळाबाई आमसुलं मुठीत घेऊन उभी होती. कौसल्येने टोपाची एक कडी फडक्यात धरली आणि समोर बघितलं. राधा खाली बघू लागली. मीराबाईने पदर सारखा केला. दुसरी कडी तशीच लोंबत राहिली. कौसल्येला वाटलं, आता इथेच बसावं, टोपाला टेकून, आणि उठूच नये.

बाकड्याचा आवाज झाला. सीताराम काठी भिंतीला लावून उभा राहिला होता. एक पाय ओढत तो आला, खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळलं आणि वाकून दुसरी कडी धरली.

"तुमचा पाय," कौसल्या म्हणाली.

"माझ्या पायाच्या नावानं केलं ना सगळं? मग ह्या पायालाच जाऊ दे तिथवर." त्याचाही घसा बसला होता. "सकाळी मी टोपली बघितली होती. बोललो नाय. धर नीट."

कमळाबाई एक पाऊल मागे सरली. दुसरं कुणी असतं तर तिने टोप खाली ठेवायला लावला असता. पण ज्याच्यासाठी ठराव त्यालाच काय बोलणार? ते दोघं निघाले. सीतारामचं एक पाऊल लांब, एक आखूड. टोप हिंदकळत होता, गरम पाणी कौसल्येच्या पायावर सांडत होतं. बावीस खोल्यांची ती गॅलरी एवढी लांब आहे हे तिला त्या दिवशी कळलं. मधे दोनदा टोप खाली ठेवावा लागला. सीतारामने एकदा शिवी घातली, ती टोपाला की स्वतःला ते कळलं नाही. पाठीमागे कुणी आलं नाही. एक दार लागल्याचा आवाज आला. तो कमळाबाईच्या दाराचा होता. उद्या नळावर आपलीही घागर मागे सारली जाईल, हे कौसल्येला चालता चालताच कळून चुकलं. तिला त्याची भीती वाटली, आणि तरी ती चालत राहिली.

नलूने दार उघडून धरलं. शेगडीवरचं आधण उतरवलं, टोप चढवला. तिने आपलं पातेलं उचललं, सगळे अंबाडे त्या आंबट पाण्यासकट टोपात ओतले आणि डावाने तळापासून ढवळलं. सीताराम उंबऱ्यावर पाय लांब करून बसला आणि गुडघा चोळू लागला. नलूने त्याला पाठीशी घ्यायला गंगाधरची उशी दिली. त्याने ती घेतली.

झाकण ठेवलं. झाकणावर पाणी ओतलं. आता उकळी येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. दोघी शेगडीच्या दोन बाजूंना भिंतीला टेकून बसल्या. एकीचा घसा खाजत होता, एकीचे दात शिवशिवत होते, आणि भूक दोघींना सारखीच लागली होती. बऱ्याच वेळाने टोपात खदखद सुरू झाली.

"सकाळी टोपली परत ठेवायला आलीस ना," नलू शेगडीकडे बघत म्हणाली, "तेव्हा मी दाराशीच होते."

"ठाऊक हाय मला," कौसल्या म्हणाली. "तुझे पाय दिसत होते."

नलूने मान वर केली नाही. झाकण थोडं सरकवलं, एक अंबाडा डावात घेऊन दाबून बघितला, आणि तो अजून शिजायचा होता म्हणून पुन्हा टोपात सोडला.